सेफेरचे जामीन

उधई माझ्या घराच्या भिंतीतून आली होती. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे. बायकोजवळ बोललो नाही, भावाजवळ बोललो नाही, किपुरच्या उपासाला देवाजवळसुद्धा धड शब्दांत बोललो नाही. त्या दिवशी प्रार्थनेत सगळे मिळून 'आम्ही पाप केलं' म्हणतात. मीही म्हणतो, आणि त्या 'आम्ही'त लपून बसतो.

ज्यांच्यासाठी हे लिहायचं त्यांचं नाव मी देणार नाही. ते नाव माझ्यामुळे एकदा खराब झालेलं आहे. धुळ्यात सगळे त्यांना नाना म्हणत, मीही नानाच म्हणतो. रेल्वेत तीस वर्षं गार्ड होते. निवृत्त झाल्यावर देवपुरात नदीकाठाला दोन खोल्या घेऊन राहिले. अंगावर कायम गार्डचा जुना काळा कोट, मे महिन्यातसुद्धा. कुणी म्हटलं, "नाना, उकडत नाही का?" तर म्हणायचे, "उकडतं. पण कोट काढला की मला कुणी काही विचारत नाही."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळचे कोकणातले, पण रेल्वे, दवाखाना, बांधकाम खातं यांच्या नोकऱ्यांनी खानदेशात येऊन पडलेले. कुणी आम्हाला पारशी समजे, कुणी मुसलमान. आमच्या प्रार्थनाघराला आमच्यातली जुनी माणसं मशीदच म्हणतात, त्यामुळे घोटाळा आणखी वाढे. त्या काळात जळगावात माझ्यासकट आमच्यातले अकरा पुरुष होते आणि धुळ्यात सहा. दहा पुरुष जमल्याशिवाय तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, उघडून वाचता येत नाही, असा आमचा नेम. म्हणजे धुळ्याला माणसं कमी, आणि जळगावात दोघांची ड्यूटी लागली की तिथेही कमी. शिवाय दोन्ही गावांत मिळून सेफेर एकच.

सेफेर म्हणजे हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी. चामड्याचे तुकडे शिवून केलेली, दोन लाकडी दांड्यांवर दोन्हीकडून गुंडाळलेली, आणि उभ्या लाकडी पेटीत ठेवलेली. आमचा सेफेर आमचा नव्हता. मुंबईच्या एका मशिदीनं तो आम्हाला वापरायला दिला होता, आणि देताना एक अट घातली होती: धुळ्यानं जळगावला जामीन राहायचं, जळगावनं धुळ्याला. सहा महिने तो इथे, सहा महिने तिथे, आणि सणाला जिथे सेफेर असेल तिथे दोन्ही गावांनी जमायचं. जळगावच्या वतीनं आमच्या मुकादमांनी, म्हणजे जमातीच्या प्रमुखांनी, सही केली होती, धुळ्याच्या वतीनं नानांनी.

सेफेरची ने-आण नाना स्वतः करायचे, दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. धुळ्याहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलायची, मग पाचोरा, मग जळगाव. प्रत्येक वेळी ते दोन तिकिटं काढत. एक आपलं, एक सेफेरचं. सेफेरला खिडकीशी बसवत आणि आपण शेजारी. तिकीट तपासनीस नवा असला तर विचारी, "दुसरा माणूस कुठंय?" नाना पेटीकडे बोट दाखवत. "हे पाहुणे आहेत. मुंबईचे आहेत. आपल्याकडे मुक्कामाला असतात." गर्दी झाली तर ते आपली जागा देत आणि उभे राहत, पेटीची जागा देत नसत. जुने तपासनीस हसत आणि दोन्ही तिकिटांना चिमटा लावत.

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. पाचोऱ्याला एक म्हातारी शेतकरीण डब्यात चढली. डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं. पेटीवरचं मखमलीचं आवरण पाहून तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "हाऊ कोनता देव शे, भाऊ?"

"देव नाही, अक्का," नाना म्हणाले. "देवाचा कायदा आहे."

म्हातारीनं जरा विचार केला आणि हात जोडले. "कायदाले बी हात जोडना पडतंस, भाऊ."

नानांना हे इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस ते कुणालाही सांगत, आमच्या धर्मावरचं सगळ्यांत चांगलं प्रवचन मी पाचोऱ्याला ऐकलं.

माणसं मोजू नयेत असं आमच्यात मानतात. नाना दारातल्या चपला मोजत. वीस पायताणं झाली की म्हणत, "चला, गाडी सोडा." एकदा वीस भरली, प्रार्थना सुरू होणार, तेवढ्यात नानांना एक जोड अनोळखी वाटला. तो पोस्टमनचा निघाला. मनिऑर्डर घेऊन आला होता आणि भिडेनं मागे उभा होता. नानांनी त्याला पाणी दिलं, निरोप दिला, आणि स्वतः दहावा माणूस आणायला गेले. तो दहावा म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर. तापानं फणफणलेला, पांझरा नदीच्या पलीकडे. त्याला बैलगाडीत घालून आणलं. तो कण्हत म्हणाला, "नाना, माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही." नाना म्हणाले, "तुला बोलायला कुणी बोलावलंय? दहा होण्यापुरता ये आणि पडून राहा."

अशा माणसाला लोक जरा चक्रम म्हणायचे. मीही म्हणायचो. पण एक गोष्ट मला तेव्हाही कळत नव्हती. आमच्यातल्या एका तरुण फायरमननं दारू पिऊन पाचोरा स्टेशनावर एका हमालाला मारलं. धुळ्यात बसलेल्या नानांना हे चार दिवसांनी कळलं. तो फायरमन जळगावचा, नानांच्या नात्यातला नाही, ओळखीचाही फारसा नाही. नाना पहिल्या गाडीनं पाचोऱ्याला गेले, हमाल शोधून काढला आणि त्याच्यापुढे टोपी काढून उभे राहिले.

"तुम्ही त्याना कोन?" हमालानं विचारलं.

"मी त्याचा जामीन."

"मंग तुम्हले मारू का?"

"मारायचं असलं तर मार. माझी गाडी तासाभरानं आहे."

हमालानं मारलं नाही. त्यानं त्यांना बाकावर बसवून घेतलं आणि गाडी येईपर्यंत आपल्या घरची सगळी गाऱ्हाणी सांगितली. आम्ही मालधक्क्यावरचे कारकून ही गोष्ट सांगून खूप हसलो. मी सगळ्यांत जास्त.

आता माझं.

त्या साली पावसाळ्यात सेफेर जळगावला होता. एरवी तो मुकादमांकडे दगडी चौथऱ्यावर असायचा. त्या साली मी तो माझ्या घरी मागून घेतला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि सेफेर ज्या घरी राहतो तिथे पाळणा हलतो असं सासूबाईंनी बायकोच्या मनात भरवलं होतं. मुकादमांनी देताना बजावलं, "दर शुक्रवारी जागा बदल, पेटी पुसून घे, भिंतीला लावू नकोस." मी हो म्हटलं. घर मातीच्या भिंतींचं होतं. मी पेटी आतल्या खोलीच्या कोनाड्यात ठेवली, कारण तिथे ती शोभत होती.

आषाढात बायकोला दिवस गेल्याचं कळलं. ती रोज संध्याकाळी कोनाड्यापुढे उभी राही. मी मात्र पहिले दोन शुक्रवार सोडले तर पेटीला हात लावला नाही. त्यातच आमच्यातल्या तिघांच्या बदल्या आणि आजारपणं आली. सात शनिवार दहा माणसं जमली नाहीत, आणि दहा नाहीत म्हणून सेफेर उघडला गेला नाही. बंद पेटी, ओली भिंत आणि माझा आळस. बाकी काही लागत नाही.

नाना सेफेर न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेटी पुसायला काढली. कोनाड्याच्या तळाशी चहाच्या भुकटीसारखी बारीक माती होती. भिंतीवरून मातीची एक बोटभर रेघ आली होती ती पेटीच्या बुडाशी संपत होती. बायको शेजारी गेली होती. मी दाराला कडी लावली, पेटी उघडली आणि उजवा दांडा हातात धरला. तो हलका लागला. बोटानं दाबला तर आत गेला.

उधई लाकडामागून आली होती. दांडा आतून खाऊन ती त्याला लगटून असलेल्या चामड्यात शिरली होती. उजव्या दांड्याला तोराचा आरंभ असतो. मी सगळी गुंडाळी उलट फिरवत आरंभापर्यंत गेलो. पहिले चार रकाने चाळणी झाले होते. 'आरंभी देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली' हे जिथे असायला हवं तिथे भोक होतं आणि त्या भोकातून मला माझ्या घरची सतरंजी दिसत होती.

मी किती वेळ तसा बसलो ते आठवत नाही. मग डोकं चालायला लागलं, आणि ते ज्या दिशेनं चाललं तेच मला इतकी वर्षं सांगता आलेलं नाही.

तोरा वर्षभर थोडी थोडी वाचत जातात. आरंभाचे रकाने वर्षातून एकदाच उघडतात, सिम्हत तोराच्या सणाला, म्हणजे वाचन संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात त्या दिवशी. तो दिवस दोन महिन्यांवर होता. तोवर सेफेर धुळ्याला असणार होता. म्हणजे भोक धुळ्यात सापडलं असतं.

मी तसा विचार केला नव्हता, घाबरून हातून झालं, असं लिहिता आलं असतं. मी तसा विचार केला होता. दांड्याच्या तोंडात रॉकेल ओतलं, मेणानं बूड बंद केलं, गुंडाळी त्या आठवड्याच्या पाठावर आणून ठेवली, भिंतीवरची रेघ खरवडली आणि वर चुना मारला. बायको आली तेव्हा मी हात धूत होतो. सेफेर आपल्या घरात खाल्ला गेला हे तीन महिन्यांच्या गरोदर बाईला सांगायची मला छाती नव्हती. पण ते कारण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे लोक काय म्हणतील.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर नानांनी पेटी उचलून छातीशी धरली. "पाहुण्यांना रॉकेलचा वास येतोय."

"कंदील सांडला, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सूनबाई बरी आहे ना?" मी हो म्हटलं. गाडी सुटली. खिडकीत मखमलीचं आवरण दिसत होतं.

नव्या वर्षाच्या सणाला आमच्यात अब्राहाम-इसहाकाचा अध्याय वाचतात. तो आरंभापासून फार लांब नाही. त्या सणाला मी ड्यूटीचं निमित्त करून जळगावातच राहिलो आणि धुळ्याहून परतणाऱ्यांची वाट पाहत फलाटावर येरझाऱ्या घातल्या. ती माणसं हसत उतरली. काही निघालं नव्हतं. सिम्हत तोराला मात्र मला जावंच लागलं. माझ्यावाचून दहा भरत नव्हते.

सिम्हत तोरा हा नानांचा दिवस. सेफेर एकच असल्यामुळे शेवटचा पाठ संपला की सगळी गुंडाळी उलटी फिरवून आरंभाला आणावी लागे. त्याला अर्धा तास लागे. बाकी ठिकाणी तेवढ्यात लोक गप्पा मारतात, आमच्याकडे नाना गार्डसारखी स्टेशनं पुकारत. आधी यार्देनचा काठ, मग वाळवंटातली चाळीस वर्षं, मग सिनाई. "सिनाई! गाडी इथे बराच वेळ थांबेल!" पोरं खिदळत. मग तांबडा समुद्र, मग मिसर. बायका दारातून ऐकत.

त्या वर्षी त्यांनी गुंडाळी फिरवायला मला बोलावलं. "ये जळगावकर. उजवी बाजू तू धर."

मी धरली. बोटांखाली लाकूड दबत होतं. ते समोर उभे राहून डावा दांडा गुंडाळत होते, मी उजवा सोडत होतो. यार्देन गेलं, सिनाई गेलं. त्यांचा आवाज दरवर्षीसारखाच, पण त्या दिवशी ते फार सावकाश चालले होते. मिसर गेलं. योसेफ गेला, याकोब गेला. प्रत्येक स्टेशनाला ते माझ्याकडे बघत. नूहापाशी त्यांनी हात थांबवला.

"पुढे जायचं ना?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. जायचं, अशी.

शेवटचे दोन वेढे सुटले आणि पांढऱ्या कापडावर माती पडली. मूठभर. त्यामागून चामड्याचे तुकडे, आणि कुणी न मोडता दांड्याचा खालचा भाग मोडून माझ्या हातात आला.

एका म्हाताऱ्यानं मटकन खाली बसकण मारली. दारातली एक बाई पदर तोंडाशी धरून मागे सरली. आमचे मुकादम बोलले. आवाज ओळखू येत नव्हता.

"नाना, हे काय? हे तुमच्याकडे झालं?"

नाना म्हणाले, "सेफेर माझ्याकडे आहे. माझ्याकडे झालं."

मुकादम माझ्याकडे वळले. "तू दिलास तेव्हा कसा होता?"

नाना मातीकडे पाहत होते. मला बोलायला पुष्कळ वेळ होता. इतका वेळ मला आयुष्यात पुन्हा कुणी दिला नाही.

"धड होता," मी म्हणालो.

"धड होता," नाना म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी वर पाहिलं. त्यांनी तोवर टेबलावरची माती दोन्ही हातांनी गोळा करायला घेतली होती.

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. नानांनी स्वतःच्या सहीनं मुंबईला पत्र घातलं: हयगय माझी, जळगावचा दोष नाही. खराब झालेला सेफेर पुरतात. तो मुंबईला पोचवायला ते एकटेच गेले. परतल्यावर सोमवारी आणि गुरुवारी उपास धरू लागले, ते शेवटपर्यंत. मुंबईनं पुढच्या वर्षी जळगावला दुसरा सेफेर दिला, या अटीवर की तो धुळ्याला न्यायचा नाही. माझ्या मुलीचं नाव त्याच सेफेरपुढे ठेवलं. पेढे मी वाटले.

धुळ्याच्या माणसांना आमची माणसं टाकून बोलू लागली. "सांभाळता येत नाही तर घ्यावा कशाला?" हे वाक्य माझ्यासमोर कितीदा बोललं गेलं. हळूहळू धुळ्याचे लोक सणाला यायचे बंद झाले. नाना तेवढे येत. आत येत नसत, चपलांपाशी उभे राहत. सेफेर फिरवून सगळ्यांनी त्याला हात लावायची वेळ आली की ते कोटाच्या खिशात हात घालत. मी एकदा त्यांच्याजवळ गेलो. काय बोलणार होतो ते ठाऊक नाही. त्यांनीच विचारलं, "पोरगी चालायला लागली का?"

"लागली."

"बोलते?"

"थोडं थोडं."

"बोलेल," ते म्हणाले. "घाई करू नये."

तीन वर्षांनी ते गेले. मी मातीला गेलो होतो. खांदाही दिला. त्याच दिवशी दुपारी, नानांच्या घरी पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यांची सून मला आतल्या खोलीत घेऊन गेली. ती कमी बोलणारी बाई. तिनं दार ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं:

"मामंजींनी सेफेर जळगावहून आणला त्याच दिवशी उघडून पाहिला होता. रॉकेलचा वास येत होता म्हणून. जमिनीवर बसून रडले. मी म्हटलं, आत्ता उलट गाडीनं जा आणि त्यांच्या मुकादमाला दाखवा. तर म्हणाले, त्याच्या घरी लेकरू व्हायचंय, ते होऊ दे. तो सांगेल. सणाच्या दिवशीही म्हणाले, आज सांगेल. गेल्या आठवड्यात ताप चढला तेव्हाही तुमचं पत्र आलं का म्हणून विचारलं."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मी तो खाली ठेवला की तिनं घेतला, आठवत नाही. मी विचारलं, "तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

मला पहिला प्रश्न हाच सुचला.

ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. नाहीतर सगळ्या धुळ्याला सांगितलं असतं." तिनं दार उघडलं. मी जळगावची गाडी धरली, आणि त्या रात्री जेवलोसुद्धा.

तेव्हापासून पुष्कळ वर्षं गेली. लढाई झाली, संपली. धुळ्याची आमची माणसं पांगली; दोन घरं उरली आहेत, त्यांतलं एक त्या सुनेचं. मुलगी लग्नाची झाली. नानांनी सगळं ठाऊक असून दोन महिने वाट पाहिली आणि मग तीन वर्षं पाहिली, ही गोष्ट मला अजून पुरती झेपत नाही. ते रागावले असते, चारचौघांत माझी मानगूट धरली असती, तर मी त्यांना आजवर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

मी देणं लागतो ते असं. मुंबईच्या मशिदीच्या दफ्तरात त्यांच्या सहीचं पत्र पडून आहे, त्यावर माझ्या सहीचं पत्र जायला हवं. आमच्या जळगावच्या माणसांसमोर उभं राहून सेफेर माझ्या घरी खाल्ला गेला हे माझ्या नावानिशी सांगायला हवं. आणि धुळ्याला जाऊन त्या सुनेला हे दोन्ही केल्याचं कळवायला हवं. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.